फुकट राबण्याची ऐपत कोणाकडे? चित्रपट शिकणाऱ्या आपल्या मुलांचा उन्हाळा

एप्रिलमध्ये जयंती होते, परीक्षा संपतात आणि मास मीडिया, चित्रपट किंवा ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलामुलींची धावपळ सुरू होते. मे आणि जून हे दोन महिने एखाद्या निर्मिती संस्थेत, मालिकेच्या सेटवर किंवा एडिटिंग स्टुडिओत काढायचे असतात. याला इंटर्नशिप म्हणतात. आचोळे, नालासोपारा, विरार भागातल्या आपल्या वस्त्यांमधून असे शिक्षण घेणारी मुले आता दिसू लागली आहेत. त्यांच्या घरात मात्र या क्षेत्राची माहिती असणारे सहसा कोणी नसते. म्हणून या दोन महिन्यांत नेमके काय घडते, काय शिकायचे आणि कुठे सावध राहायचे हे सविस्तर सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. दोन महिने बिनपगारी काम करण्याची ऐपत आज कोणाकडे आहे, त्यावर दहा वर्षांनी पडद्यावर कोणाची गोष्ट येणार हे बरेचसे ठरते. त्यामुळे इंटर्नशिप हा एकट्या विद्यार्थ्याचा प्रश्न नाही, तो समाजाच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे.

उद्योग दाराशी, पण आत कोण?

मनोरंजन उद्योग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गोरेगावची फिल्मसिटी किंवा अंधेरी येते. गोरेगावची चित्रनगरी १९७७ साली उभी राहिली. पण मुंबईत जागा महाग झाली तसे मालिकांचे मोठे सेट उत्तरेकडे सरकले. वसई तालुक्यात नायगाव पूर्व आणि कामणच्या बाजूला अनेक हिंदी मालिकांचे चित्रीकरण होते. वसईचा किल्ला तर चित्रपट आणि गाण्यांच्या चित्रीकरणासाठी वर्षानुवर्षे वापरला जातो. ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडच्या २०१६ सालच्या एका गाजलेल्या गाण्यातही तो दिसतो. नालासोपारा स्टेशनवरून नायगाव दुसरे स्टेशन आहे. म्हणजे उद्योग आपल्यापासून दूर नाही.

आपली माणसे या सेटवर नाहीत असेही नाही. सुतारकाम, रंगकाम, लाइट उचलणे, गाडी चालवणे, सुरक्षारक्षक, गर्दीतले कलाकार, ज्यांना सेटवर ‘दादा’ म्हणतात ते स्पॉटचे कामगार, या सगळ्यांत आपल्या आणि इतर बहुजन वस्त्यांमधली माणसे भेटतात. मात्र जिथे गोष्ट ठरते तिथे, म्हणजे लेखकांच्या बैठकीत, दिग्दर्शन विभागात, वाहिनीच्या कार्यालयात, एडिटिंगच्या खोलीत आपण फार कमी दिसतो. सेट बांधणारे हात आपले असतात आणि सेटवर काय घडणार ते दुसरेच कोणी लिहिते. हे अंतर पार करण्याचा पहिला पूल इंटर्नशिप आहे.

इंटर्न नेमके काय करतो?

एखादा चित्रपट किंवा मालिका साधारण चार टप्प्यांत तयार होते. पहिल्या टप्प्यात लेखन, कलाकारांची निवड, जागांचा शोध आणि खर्चाचा अंदाज असतो. दुसरा टप्पा प्रत्यक्ष चित्रीकरणाचा. तिसऱ्यात एडिटिंग, डबिंग, ध्वनी, संगीत आणि रंगसंगती येते. चौथा टप्पा जाहिरात, वितरण आणि प्रदर्शनाचा. इंटर्नला यातल्या कोणत्याही टप्प्यावर घेतले जाते आणि कुठे घेतले जाते त्यावर त्याचे शिक्षण ठरते.

दिग्दर्शन विभागात सर्वांत वर दिग्दर्शक, त्याखाली पहिला, दुसरा, तिसरा सहायक अशी उतरंड असते. इंटर्न या शिडीच्या तळाशी. क्लॅप देणे, कलाकारांना मेकअप रूममधून बोलावणे, कंटिन्युइटी सांभाळणे ही त्याची कामे. कंटिन्युइटी म्हणजे मागच्या शॉटमध्ये नायिकेच्या कोणत्या हातात पिशवी होती, चहाचा कप किती भरलेला होता याची नोंद. काम क्षुल्लक वाटते, पण ते करणाऱ्याला प्रत्येक शॉट बारकाईने पाहावा लागतो आणि दृश्य कसे बांधले जाते ते कळत जाते. प्रॉडक्शन विभागात हिशेब, परवानग्या, गाड्या, जेवण, कॉल शीट यांच्याशी संबंध येतो. उद्या कोणी किती वाजता कुठे यायचे याचे वेळापत्रक म्हणजे कॉल शीट. एडिटिंगमध्ये फुटेज उतरवून घेणे, त्याची नावे लावणे, बॅकअप ठेवणे इथून सुरुवात होते. वाहिनीच्या किंवा निर्मिती संस्थेच्या कार्यालयात संहिता वाचून त्यांचा सारांश काढण्याचे काम मिळू शकते.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाविद्यालयांमध्ये ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ श्रेयांकात मोजले जाऊ लागले आहे. चार श्रेयांकांसाठी साधारण १२० तास धरले जातात. सेटवरची शिफ्ट बहुतेक वेळा बारा तासांची असते, म्हणजे हे तास दहा दिवसांत भरतात. तरीही मुले दोन-दोन महिने थांबतात, कारण पुढच्या कामाची ओळख त्याशिवाय होत नाही.

चाळणी कशी लागते?

इथेच खरी अडचण सुरू होते. अनेक ठिकाणी इंटर्नला पैसे मिळत नाहीत. मिळाले तर प्रवासखर्चापुरते. सकाळी सातचा कॉल असेल तर आचोळ्याहून पहाटेच निघावे लागते. पॅकअप रात्री उशिरा झाला तर शेवटची लोकल गाठायची किंवा रिक्षाचा खर्च सोसायचा. अंधेरी-वर्सोव्यात राहणाऱ्या मुलाला हा प्रश्न नसतो. त्याच्या घरी त्याच्या पगाराची कोणी वाट पाहत नसते. आपल्याकडचा मुलगा सुट्टीत डिलिव्हरीचे काम करतो, मुलगी शिकवण्या घेते किंवा दुकानात उभी राहते, कारण पुढच्या वर्षाची फी त्यातून भरायची असते. शासनाच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीने अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या शुल्काचा भार हलका होतो. सुट्टीतल्या रोजच्या प्रवासाचा आणि डब्याचा प्रश्न मात्र उरतोच.

पुढे काम मिळाल्यावरही पैसे लगेच हातात येत नाहीत. मालिकांच्या क्षेत्रात केलेल्या कामाचा मोबदला ९० दिवसांनी देण्याची पद्धत रूढ आहे. म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरमध्ये. तीन महिने घर चालवण्याइतकी शिल्लक ज्याच्याकडे आहे तोच टिकतो. बाकीचे हुशार असूनही वर्ष-दोन वर्षांत दुसरी नोकरी धरतात.

दुसरी चाळणी ओळखीची. या क्षेत्रात जाहिरात देऊन सहायक नेमण्याची पद्धत कमी आहे. कोणीतरी कोणाचे नाव सुचवतो आणि फोन जातो. ज्यांच्या नातेवाइकांत, मित्रांत, इमारतीत या क्षेत्रातली माणसे आहेत त्यांचीच नावे सुचवली जातात. गेटवर ‘तुझी जात काय’ असे विचारायची गरजच पडत नाही. फुकट कामाची सक्ती आणि ओळखीची साखळी या दोन गोष्टींनी ते काम आपोआप होते.

ज्यांनी दार उघडले

तरीही काही जण आत गेले, आणि त्यांचे मार्ग समजून घेण्यासारखे आहेत. नागराज मंजुळे यांनी तेव्हाच्या अहमदनगरला संज्ञापनाचे शिक्षण घेताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुढे ‘फॅन्ड्री’ (२०१३) व ‘सैराट’ (२०१६) आले. महाविद्यालयातला प्रकल्प हीच त्यांची पहिली पायरी होती. नीरज घायवान नोकरी सोडून अनुराग कश्यप यांच्याकडे सहायक झाले, ‘गँग्ज ऑफ वासेपूर’वर काम केले आणि मग ‘मसान’ (२०१५) केला. आपली दलित ओळख जाहीरपणे सांगणारे हिंदीतले ते मोजक्या दिग्दर्शकांपैकी एक. ‘मेड इन हेवन’ या वेबमालिकेच्या २०२३ सालच्या पर्वात त्यांनी दिग्दर्शित केलेल्या भागात बौद्ध पद्धतीचा विवाह दिसला तेव्हा देशभरातल्या आपल्या घरांमध्ये त्याची चर्चा झाली. याच घायवान यांनी समाजमाध्यमावर उघडपणे दलित, बहुजन आणि आदिवासी समाजातल्या सहायकांना व लेखकांना अर्ज करण्याचे आवाहन केले होते. त्यावर टीकाही झाली. पण ओळखीची साखळी तोडायची तर कोणीतरी असे उघड बोलावेच लागते.

तमिळमधले उदाहरण याहून स्पष्ट आहे. मारी सेल्वराज यांनी दिग्दर्शक राम यांच्याकडे अनेक वर्षे सहायक म्हणून काम केले. त्यांचा पहिला चित्रपट ‘परियेरुम पेरुमाळ’ (२०१८) पा. रंजित यांच्या ‘नीलम प्रॉडक्शन्स’ने काढला. रंजित स्वतः यशस्वी झाल्यावर त्यांनी निर्मिती संस्था उभी केली आणि आपल्या मागच्यांना हात दिला. एका माणसाच्या यशाची साखळी झाली की चळवळ होते. मराठीत आपल्याला ही साखळी अजून घट्ट करायची आहे.

दोन महिन्यांत काय शिकावे?

कॅमेरा आणि एडिटिंगची सॉफ्टवेअर आज मोबाइलवरही शिकता येतात. सेटवर गेल्यावर जे बाहेर शिकता येत नाही ते शिकावे.

पहिली गोष्ट पैशाचा प्रवास. मालिकेचा खर्च कोण करतो, वाहिनी निर्मात्याला कशाचे पैसे देते, जाहिरातदार कशाच्या आधारे दर ठरवतो हे विचारा. ‘बार्क’ ही संस्था दर आठवड्याला कोणता कार्यक्रम किती पाहिला गेला याची आकडेवारी देते आणि त्यावर मालिका चालते किंवा बंद होते. २०१९ मध्ये स्टार प्रवाहवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरची मालिका आली, तेव्हा आपला प्रेक्षकवर्ग ही बाजारालाही दखल घ्यावी लागेल अशी ताकद आहे हे दिसले. हा हिशेब ज्याला कळतो तो पुढे आपल्या विषयासाठी निर्मात्यासमोर ठामपणे बोलू शकतो.

दुसरी गोष्ट कागदपत्रे. करार, संमतीपत्र, कॉल शीट, बजेट यांचे नमुने पाहायला मिळाले तर त्यांची रचना समजून घ्या. संस्थेची कागदपत्रे परवानगीशिवाय बाहेर नेऊ नका. लेखनात रस असेल तर अंधेरीतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासदत्व आणि संहिता-नोंदणी यांची माहिती घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने लेखक, गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला हक्क मान्य केला आहे. आपली गोष्ट तोंडी सांगून मोकळे होण्याआधी ती लिहून नोंदवावी.

तिसरी गोष्ट चित्रपट प्रमाणनाची, म्हणजे सेन्सॉरची. महात्मा फुल्यांवरचा ‘फुले’ हा चित्रपट २०२५ मध्ये ११ एप्रिलला यायचा होता, तो २५ एप्रिलला आला. जातीविषयक उल्लेखांत बदल सुचवले गेले होते. आपले विषय हाताळणाऱ्यांना ही प्रक्रिया तोंडपाठ असायला हवी.

सुट्टीच्या दिवशी पाहण्यासारखेही बरेच आहे. ग्रँट रोडला उतरून पेडर रोडवर जाता येते. तिथे गुलशन महालात २०१९ पासून भारतीय सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय खुले आहे. १९६८ पासून चालणाऱ्या ‘प्रभात चित्र मंडळा’सारख्या फिल्म सोसायटीत जगभरचे चित्रपट आणि त्यावरची चर्चा मिळते. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट २०१७ पासून देशभर लघुमुदतीचे अभ्यासक्रम घेते. पाहण्याच्या यादीत जब्बार पटेलांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ आणि चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ असू द्या. ‘कोर्ट’मध्ये शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे चळवळीतलेच कार्यकर्ते होते. २०२१ मध्ये ते गेले.

हक्क माहीत असू द्या

काम सुरू होण्याआधी दोन ओळींचे का होईना, लेखी पत्र घ्या. कालावधी, वेळ, प्रवासखर्च किंवा मानधन, आणि श्रेयनामावलीत नाव येणार की नाही एवढे त्यात असावे. साधा ईमेलही चालेल. इंटर्नशिप मिळवून देतो म्हणून जो आधी पैसे मागतो त्याच्यापासून लांब राहा.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलींनाही लागू आहे, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान युनिट असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची असते. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या महिलांच्या परिस्थितीवरचा हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाला, त्यानंतर हा विषय दडपून ठेवणे कोणालाच सोपे राहिलेले नाही. जातिवाचक अपमान झाला तर ॲट्रॉसिटी कायदा आहे. ‘इंडस्ट्रीत असेच चालते’ हे वाक्य कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.

हा धंदा धम्माला धरून आहे का?

हा प्रश्न घरातली मोठी माणसे विचारतात, आणि तो टाळू नये. बुद्धाने उपासकांसाठी निषिद्ध सांगितलेले पाच व्यापार म्हणजे शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. त्यात नाट्य किंवा मनोरंजन नाही. अष्टशीलात नृत्य-गीत-वादन पाहण्यापासून दूर राहणे आहे, ते उपोसथाच्या दिवसापुरते. महाकवी अश्वघोष तर स्वतः नाटककार होते. सारिपुत्तावरच्या त्यांच्या नाटकाचे अवशेष मध्य आशियात सापडले आहेत.

पण संयुत्त निकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची कथा आहे, ती या क्षेत्रात जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांमध्ये जन्मतो असे त्याच्या जुन्या आचार्यांनी त्याला शिकवले होते. ते खरे का, असे त्याने बुद्धांना विचारले. बुद्धांनी दोनदा उत्तर टाळले. तिसऱ्यांदा सांगितले ते असे, की लोकांच्या मनात आधीच असलेला लोभ, द्वेष आणि मोह जो वाढवतो त्याची गती चांगली नाही. तालपुट रडला. बुद्धांच्या शब्दांमुळे नव्हे, तर इतकी वर्षे आपल्याच गुरूंनी आपल्याला फसवले म्हणून.

कथेतल्या पुनर्जन्माच्या भाषेपाशी अडून बसण्याचे कारण नाही. आपल्या कामाने पाहणाऱ्याच्या मनात काय वाढते, हा तिचा खरा प्रश्न. सासू-सुनेच्या कारस्थानांनी, अंधश्रद्धेने आणि जातीच्या थट्टेने भरलेल्या मालिकेच्या सेटवर आपला इंटर्न उभा असेल तेव्हा तंत्र त्याने शिकावे, पण हा प्रश्न खिशात ठेवावा. ‘लोकांना हेच आवडते’ असे जुने जाणते सांगतील. तालपुटाच्या आचार्यांनीही असेच काही सांगितले होते.

याचा एक पुरावा आचोळ्याच्या शेजारीच सापडला आहे. रेल्वेरुळांच्या पलीकडे, पश्चिमेला प्राचीन सोपारा. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तिथला स्तूप उजेडात आणला, आणि तिथेच सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या आठव्या लेखाचा विषय असा की पूर्वीचे राजे शिकारीसारख्या करमणुकीसाठी विहारयात्रा काढत, अशोकाने त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली. त्याने प्रवास थांबवला नाही, त्याचा हेतू बदलला. मनोरंजनाच्या क्षेत्रात जाणाऱ्या आपल्या मुलांसाठी याहून जवळचा धडा कोणता?

विहार आणि मंडळे काय करू शकतात?

एका विद्यार्थ्याचा प्रवास आणि जेवण दिवसाला १५० रुपये धरा. साठ दिवसांचे ९,००० रुपये होतात. जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक मंडळाने एका मुलीचा किंवा मुलाचा एवढा खर्च उचलला, तर फुकट कामाची चाळणी तिथल्या तिथे मोडते. डीजेचा एक तास कमी झाल्याने जयंतीची शोभा कमी होत नाही.

दुसरे, या क्षेत्रात आधीच काम करणाऱ्या आपल्या माणसांची यादी करा. लाइटवाले काका, मेकअप करणारी ताई, सुतारकाम करणारे दादा यांना सेटची खडान्‌खडा माहिती असते. कोणत्या युनिटमध्ये माणसाला माणसासारखे वागवतात, कोण पैसे बुडवतो, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. एका रविवारी विहारात त्यांना आणि विद्यार्थ्यांना एकत्र बसवा. वशिल्याला आपले उत्तर हेच.

तिसरे, जुलैमध्ये परत आलेल्या मुलांना विहारात बोलायला लावा आणि त्यांनी केलेले काम पडद्यावर दाखवा. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांसाठी तीच पहिली शाळा. आणि उशिरा परतणाऱ्या मुलींच्या घरी ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी जाऊन आईवडिलांशी बोलावे. भीतीपोटी अर्ध्यावर सुटलेली इंटर्नशिप ही समाजाचीच हानी आहे.

भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले तेव्हा त्यांच्यामागे कोणताही स्टुडिओ नव्हता. समाजाच्या बळावर जलसा गावोगाव फिरला आणि बाबासाहेबांचा विचार अक्षरओळख नसलेल्यांपर्यंत पोहोचला. तेव्हा कंदिलाच्या उजेडात जे जमले ते आज कॅमेऱ्यासमोर जमायला हरकत नाही. पुढच्या एप्रिलच्या जयंतीच्या बैठकीत वर्गणीचा हिशेब मांडाल तेव्हा त्यात एक ओळ वाढवा : चित्रपट शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा उन्हाळा. नाव आपल्या वस्तीतच सापडेल.

जय भीम, नमो बुद्धाय.